सुताराचें सूत आणि रुळावरील करवत

'सुतार' हा शब्द आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, त्याच्या पोटांत सूत दडलेलें आहे हें लक्षांतहि येत नाहीं. संस्कृतांत 'सूत्रधार' म्हणजे सूत धरणारा. रंगभूमीवरचा सूत्रधार आपणांस अधिक परिचयाचा. परंतु घर उभारणाऱ्या व लांकूड घडविणाऱ्या कारागिरासहि तेंच नांव होतें, आणि तेंच लोकांच्या तोंडीं झिजत झिजत 'सुतार' झालें. 'करवत' हीहि अशीच जुन्या घराण्यांतली. अमरकोशांत 'क्रकच' या शब्दाच्या शेजारीं 'करपत्र' बसलेला आहे, त्याचीच ती लेक. या दोन शब्दांचें नातें पाहिलें म्हणजे धंद्याचें सारें मर्म हातीं लागतें. कावेंत बुडविलेली दोरी दोन टोंकांस ताणून धरावयाची, मध्यें चिमटीनें उचलून सोडावयाची, कीं फळीवर तांबडी रेघ उमटली. रेघ सरळ येई ती दोरीच्या गुणानें. काप सरळ येई तो मात्र सुताराच्या मनगटाच्या गुणानें.

हल्लीं बाजारांत 'ट्रॅक सॉ' या नांवानें जी विजेची करवत मिळते, तिची सारी युक्ति या दोन गुणांमधील अंतर मिटविण्याची आहे. दोरीची रेघ पुसून न जातां ॲल्युमिनिअमचा रूळ होऊन फळीवर बसते, आणि करवत मनगटाऐवजीं त्या रुळाच्या स्वाधीन होते. हाताच्या गोल करवतीस असा रूळ जोडण्याची कल्पना जर्मनींतील फेस्टो या कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत बाजारांत आणली. तिचीं हत्यारें आज फेस्टूल या नांवानें विकलीं जातात. पुढें माकिता, बॉश इत्यादि कंपन्यांनींहि तशा करवती काढल्या, आणि आतां त्या आपल्याकडेहि येऊं लागल्या आहेत.

आम्ही राहतों त्या नवी मुंबईंत हा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. सिडकोची स्थापना १९७० सालची. तेव्हांपासून खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर असें वाढत गेलेलें हें शहर मुख्यतः सदनिकांचें. आणि सदनिका घेतली कीं ओट्याखालचीं कपाटें, भिंतींतलीं कपाटें, मुलांचीं अभ्यासाचीं टेबलें हें सारें ओघानेंच आलें. सुतार मंडळी घरांतच मुक्काम मांडतात. त्यांच्या हातीं बहुधा मार्बल कटर असतो, म्हणजे मुळांत फरशी कापण्याचें चार इंची यंत्र. त्याला लांकडाचें पातें लावलेलें. सरळ काप हवा असेल तेव्हां प्लायवूडची एक सरळ पट्टी तक्त्यावर दाबून बसवावयाची आणि तिच्या कडेनें यंत्र ओढावयाचें. ही पट्टी म्हणजे आजच्या रुळाची गरीब बहीणच होय, आणि तिच्यावर सफाईनें काम करणारे कारागीर आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. मात्र तें यंत्र दगडासाठीं केलेलें. लांकडांत पातें अडकून मागें उसळलें तर त्यास आवरणारी कोणतीहि योजना त्यांत नसते. एकदां तुटलेलें बोट कोणत्याहि पगाराच्या हिशेबांत भरून निघत नाहीं, हें आम्हीं येथेंच सांगून ठेवतों.

अलीकडे घरोघरचे तरुण, विशेषतः संगणकाच्या धंद्यांतले, अशी रुळावरील करवत विकत आणतात आणि सुट्टीच्या दिवशीं स्वतःच कपाटें करूं पाहतात. या हौसेचें आम्हांस कौतुकच आहे. दिवसभर बोटांनीं केवळ अक्षरें बडविणाऱ्या हातांस लांकडाचा स्पर्श झाला तर त्यांत वाईट तें काय? तथापि हत्यार महाग आहे म्हणून काप अचूक येईल, अशी जी समजूत दुकानांतूनच घरीं येते, ती साफ चुकीची आहे. रूळ सरळपणा देतो. काटकोन देत नाहीं, माप देत नाहीं, पातें उभें आहे कीं कललेलें आहे हेंहि सांगत नाहीं. या तीन गोष्टी करवत लावणाऱ्यानें स्वतः पाहून घ्यावयाच्या असतात.

खारघरांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं याची प्रचीति आली. चुलत भावांचें एकत्र कुटुंब. दोघां भावांनीं मिळून नवी करवत आणली आणि ओट्याखालचें कपाट स्वतः केलें. दिसावयास तें सुरेख झालें. परंतु ड्रॉवर आंत जातांना घासे, आणि दार लावलें तरी वरच्या कोपऱ्यांत बोटभर फट राही. पुरुषांस तें दिवसांतून एकदां दिसे. घरांतील बायकांस तें दिवसांतून वीस वेळां सोसावें लागे. सासूबाई म्हणत, सुतारालाच बोलावलें असतें तर बरें. धाकटी सून म्हणे, यंत्रच खोटें निघालें. वास्तविक दोष ना हाताचा होता ना यंत्राचा. पातें रुळाशीं अर्ध्या अंशानें कललेलें होतें, एवढेंच. अर्धा अंश म्हणजे अठरा मिलिमीटर जाडीच्या फळींत जेमतेम ०.१६ मिलिमीटर, नख लावूनहि तो कळावयाचा नाहीं. पण तळाच्या फळीच्या त्या कलत्या टोंकावर बाजूची फळी स्क्रूनें आवळून बसविली कीं तोच कल वर चढत जातो, आणि ६०० मिलिमीटर उंचीवर तिचें डोकें पांच मिलिमीटरांहून अधिक सरकतें. दोन्ही बाजूंस तसेंच झालें तर सेंटिमीटराचा फरक पडला! मग ड्रॉवर घासला तर त्याचा काय अपराध?

तेव्हां नवी करवत घरीं आल्यावर प्रथम काय करावें तें सांगतों. यांतील क्रमास महत्त्व आहे. बहुतेकांची फसगत क्रम उलटा केल्यानें होते.

प्रथम विजेची पिन काढून ठेवावी. बॅटरीवरची करवत असल्यास बॅटरी काढावी. रूळ कोरड्या फडक्यानें पुसावा. त्याच्या पाठीवर लांबीभर एक उंच कणा असतो आणि करवतीच्या तळाशीं त्या कण्यावर बसणारी खांच असते. करवत रुळावर ठेवून हातानें आडवी हालवून पहावी. ती डावी-उजवीकडे किंचितहि डुगडुगत असेल तर सारा खटाटोप व्यर्थ. कारण तेवढी डुगडुग कापांत उतरणार. हा ढिलेपणा काढण्यासाठीं तळाशीं, पुढें व मागें, दोन फिरविण्याचे खुंट असतात. ते थोडे थोडे आवळीत जावें. आडवी हालचाल नाहींशी व्हावी, परंतु करवत रुळाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दोन बोटांच्या लोटण्यानें सरकावी. फार आवळल्यास ती मध्येंच अडखळते, आणि जेथें ती अडखळते तेथें लांकूड करपतें. सरकण्यास जड जात असेल तर रुळावर कोरडें मेण फिरवावें. तेल लावूं नये. त्याचा डाग फळीवर उतरतो आणि पुढें पॉलिशही धरत नाहीं.

दुसरें काम पात्याचा उभेपणा. पातें पूर्ण खालीं उतरवून तेथेंच अडकवावें, आणि लहान गुण्या रुळावर टेकवून त्याची उभी बाजू पात्यास भिडवावी. येथें एक सावधगिरी: गुण्या पात्याच्या सपाट पत्र्यास लागला पाहिजे, दांत्यास नव्हे, दांते पत्र्याहून जाड असतात व ते गुण्यास दूर ढकलतात. करवतीवर अंश दाखविणारी खूण असते, तिच्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं. शून्यावर कांटा आहे म्हणून पातें उभें आहे असें मानणें म्हणजे हजेरीपटावर नांव आहे म्हणून मुलगा वर्गांत आहे असें मानणें. शून्याच्या जागीं करवत जेथें अडते तेथें लहानसा स्क्रू असतो. तो फिरवून पातें उभें करावें आणि नंतरच कांटा शून्यावर आणावा.

गुण्यानें पाहिल्यावरहि खात्री करण्याची एक फार जुनी रीत आहे, आणि तिला कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. निरुपयोगी फळीचा एक तुकडा कापावा. झालेल्या दोन तुकड्यांपैकीं एक पालथा करावा, आणि दोन्ही कापलेल्या कडा सपाट जागेवर पुन्हां एकमेकींस भिडवाव्या. पातें बरोबर उभें असेल तर मध्यें उजेडाची रेषा दिसावयाची नाहीं. कललेलें असेल तर वर अगर खालीं फट दिसेल, आणि ती फट मूळच्या चुकीच्या दुप्पट असेल. वर सांगितलेला ०.१६ मिलिमीटर, जो नखाला कळत नव्हता, तो येथें ०.३१ होऊन दिव्यासमोर डोळ्यांस दिसूं लागतो. चूक लपविण्याऐवजीं दुप्पट करून दाखविणारी परीक्षा ही खरी परीक्षा. आम्हीं शाळेंत गणिताचे ताळे याच न्यायानें घ्यावयास लावीत असूं.

तिसरी गोष्ट समांतरपणाची. पातें उभें असूनहि रुळाशीं तिरकें असूं शकतें, म्हणजे पुढली कड एका रेषेंत आणि मागली कड किंचित् बाजूला. मग पुढच्या दांत्यांनीं कापलेल्या जागेस मागचे दांते पुन्हां ओरबाडतात. कापलेली कड निरखून पहावी: एकाच दिशेच्या वळणाच्या बारीक रेघा असतील तर ठीक, दोन दिशांच्या रेघा एकमेकींस छेदीत असतील, किंवा कडेस करपल्याचा तपकिरी रंग आला असेल, तर पातें तिरकें आहे असें समजावें. मोजावयाचें झाल्यास पिन काढलेली असतांना एका दांत्यावर खूण करावी, तो पुढें असतांना रुळाच्या कण्यापासून त्याचें अंतर घ्यावें, मग पातें हातानें फिरवून तोच दांता मागें आणावा व पुन्हां अंतर घ्यावें. तोच दांता घ्यावयाचा, कारण दांत्यादांत्यांतहि फरक असतो. मागील दांते रुळाकडे झुकलेले तर मुळींच नसावेत. कांहीं करवतींत हें जुळविण्याचे स्क्रू तळाशीं असतात, कांहींत नसतात. बरोबर आलेली पुस्तिका वाचावी. पुस्तिका खोक्यासकट रद्दींत टाकण्याची जी नवी चाल पडली आहे, ती आमच्या मतें केवळ आळस होय.

हें सारें झाल्यावरच रुळाच्या कडेच्या पट्टीस हात घालावा. रुळाच्या कापाकडील कडेस रबराची किंवा प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी चिकटविलेली असते आणि ती मुद्दाम थोडी बाहेर ठेवलेली असते. रूळ टाकाऊ फळीवर ठेवून, करवतीची खोली पांचसात मिलिमीटर ठेवून, पूर्ण वेगानें पण न थांबतां एकदां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत करवत चालवावी. पट्टीचा बाहेर आलेला भाग कापला जातो, आणि त्या क्षणापासून पट्टीची कड म्हणजेच पात्याची कड. यापुढें मोजणी करतांना पातें कोठें येईल याचा हिशेब करावयास नको. पेन्सिलीच्या खुणेवर पट्टी ठेवावी, काप तेथेंच येतो. ही सोय या हत्यारांतील सर्वांत गोड गोष्ट आहे. परंतु पट्टी आधीं कापून मग ढिलेपणा काढला, तर पातें जागचें सरकतें आणि पट्टी खोटें बोलूं लागते. पातें बदलून अधिक जाड अगर पातळ लावलें तरी तेंच. आणि एका करवतीसाठीं कापलेली पट्टी दुसऱ्या करवतीस चालत नाहीं. शेजाऱ्याची करवत मागून आणून आपल्या रुळावर चालविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पट्टीचा दुसरा उपयोग ढलपे न उडूं देण्याचा. गोल करवतीचे पुढचे दांते लांकडांत खालून वर येतात, त्यामुळें वरच्या पृष्ठभागाचे ढलपे उडतात. सनमायका लावलेल्या तक्त्यावर तर हें फारच विद्रूप दिसतें. पट्टी वरून दाबून धरते म्हणून तिच्याखालची कड स्वच्छ राहते. अर्थात् जो भाग आपणांस हवा तो रुळाखालीं असावा आणि टाकाऊ भाग रुळाबाहेर. उलट केल्यास स्वच्छ कड कचऱ्यांत जाईल. खोली फळीच्या जाडीहून दोनतीन मिलिमीटरच अधिक असावी, आणि रुळाची जाडी त्यांत धरली आहे कीं नाहीं हें आपल्या करवतीवर पाहून घ्यावें. खालीं थर्माकोलचा जाड तक्ता अंथरला म्हणजे फळीस सर्वत्र आधार मिळतो आणि जमिनीवरच काम करतां येतें. सदनिकेंत आठ फूट लांबीचें बाक मांडावयास जागा कोठची?

आतां मापाविषयीं. भास्कराचार्यांच्या लीलावतींत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथांत, 'क्रकचव्यवहार' या नांवाचें एक लहान प्रकरणच आहे. त्यांतील उदाहरणांत बुंध्याशीं २० अंगुलें व टोंकाशीं १६ अंगुलें जाडीचें, १०० अंगुलें लांबीचें लांकूड चार ठिकाणीं उभें चिरावयाचें आहे. मधली जाडी १८, गुणिले १००, गुणिले ४ म्हणजे ७२००. २४ अंगुलांचा एक हात, म्हणून ५७६ नें भागावें. चिरलेलें क्षेत्र साडेबारा चौरस हात आलें. मजुरी मात्र लांकूड मऊ कीं कठीण यावर आणि कारागिराशीं ठरेल त्यावर सोडावी, असाहि समंजस उल्लेख तेथें आहे. चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखांत आचार्यांच्या नातवानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. तेव्हां हें गणित आपल्याच मातीच्या परिचयाचें म्हणावयास हरकत नाहीं.

आम्हांस त्यांतून एवढेंच उचलावयाचें आहे कीं, काप किती आहेत हें मोजल्यावांचून लांकडाचा हिशेब पुरा होत नाहीं. दुकानांत ज्यास 'शीट' म्हणतात तो प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. चार फुटांच्या एक एक फुटाच्या चार पट्ट्या निघतील असें कागदावर दिसतें. पण चार पट्ट्यांस तीन काप लागतात, आणि पातें २.२ मिलिमीटर जाडीचा काप पाडीत असेल तर ६.६ मिलिमीटर लांकूड भुसा होऊन गेलें. सुताराच्या भाषेंत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेव्हां दोन सूत गेले. पहिल्या तीन पट्ट्या पुऱ्या फुटाच्या काढल्या तर चौथी दोन सुतांनीं कमी भरणार, आणि नेमकी तीच पट्टी दर्शनी जागीं लावावयाची असते! चारहि सारख्या हव्या असतील तर प्रत्येक ३०३ मिलिमीटरांची धरावी. अनुभवी सुतार हें न बोलतां करतो; नवशिक्यानें कागदावर मांडून करावें. तक्त्याची किंमत हजारांच्या घरांत आहे, पेन्सिलीची नाहीं.

राहतां राहिला काटकोन, आणि येथें मात्र आम्ही थोडे रेंगाळणार. रूळ तुम्ही जेथें ठेवाल तेथें सरळ कापील. वांकडा ठेवला तर वांकडेपणाहि सरळ रेषेंत कापील. दुकानांतून आलेल्या तक्त्याची कड सरळ व काटकोनांत असतेच असें नाहीं, म्हणून प्रथम एक लांब कड रुळानें कापून घ्यावी आणि पुढील सारीं मापें तिच्यापासूनच घ्यावीं. तिच्याशीं काटकोन साधावयाचा तर लहान गुण्या अपुरा. चार फुटांच्या लांबींत त्याची केसभर चूक सूतभर होते. यासाठीं आपल्याकडे दोरीचा उपाय आहे. 'शुल्ब' म्हणजेच दोरी, आणि शुल्बसूत्रें म्हणजे यज्ञवेदी दोरीनें आंखण्याचे नियम. आयताच्या कर्णावरचें क्षेत्र त्याच्या दोन बाजूंवरच्या क्षेत्रांच्या बेरजेइतकें असतें, हें बौधायनानें तेथें सांगितलें आहे. शाळेंत मुलें तोच सिद्धांत पायथागोरसच्या नांवानें घोकतात. तक्त्याच्या कोपऱ्यापासून एका कडेवर ९०० मिलिमीटरांवर खूण करावी, दुसऱ्या कडेवर १२०० वर. दोन खुणांतील अंतर बरोबर १५०० आलें तर कोपरा काटकोनांत आहे; अधिक आलें तर कोन उघडा, कमी आलें तर मिटलेला. पुऱ्या तक्त्याचा कर्ण पहावयाचा तर तो २७२८ मिलिमीटर आला पाहिजे. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे काम झालें असें पुष्कळ जण मानतात. पण समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हें आधीं मोजलें असेल तरच तें खरें. नाहीं तर समलंब चौकोनाचेहि कर्ण सारखे येऊं शकतात, हें भूमितीच्या तासाला झोंपलेले विद्यार्थी हमखास विसरतात.

ज्यांनीं रुळास जोडण्याचा मोठा गुण्या घेतला आहे, त्यांनीं तोहि एकदां तपासावा. साधारण दोन फुटांची चौरस फळी घ्यावी. एक बाजू कापावी. नुकतीच कापलेली कड गुण्यास लागेल अशी फळी फिरवून दुसरी बाजू कापावी. याच रीतीनें तिसरी व चौथी. शेवटीं पांचवा काप पुन्हां पहिल्या बाजूवर, इंचभर रुंदीची पट्टी निघेल असा घ्यावा. त्या पट्टीची दोन्ही टोंकांची रुंदी मोजावी. समजा पट्टी ६०० मिलिमीटर लांब असून एका टोंकास २४.० व दुसऱ्या टोंकास २३.२ भरली; फरक ०.८. चारदां फिरविल्यानें चूक चौपट सांठली, म्हणून ०.८ ला चारानें भागावें: ६०० मिलिमीटरांत ०.२ ची चूक. कपाटासाठीं इतकी चूक खपून जाते. चित्राच्या चौकटीच्या सांध्यास ती खपत नाहीं.

आठ फूट लांबीचा काप घेतांना आणखी एक अडचण येते. माकिताचे रूळ १४०० व ३००० मिलिमीटर लांबीचे मिळतात. तीन मीटरांचा रूळ सदनिकेच्या लिफ्टमध्यें मावत नाहीं, म्हणून लोक दोन लहान रूळ सळईनें जोडतात. जोड आवळतांना दोन्ही रूळ एका रेषेंत आहेत हें कशावरून कळावें? दुकानदार त्यासाठीं लांब पट्टी विकावयास तयार असतो. आमच्याकडे येणाऱ्या, राजस्थानांतून लहानपणींच या शहरांत आलेल्या वृद्ध मिस्त्रींनीं खिशांतून बारीक दोरी काढली, रुळाच्या कडेनें दोन्ही टोंकांस ताणून धरवली आणि डोळा मिटून पाहिलें. जोडापाशीं दोरी आणि रूळ यांच्यामध्यें कागद जाईल एवढी फट होती. त्यांनीं स्क्रू सैल केले, रूळ बोटानें लोटला, पुन्हां आवळले. आमच्या पुतण्यानें मोबाईलवर तीच रीत शोधण्यास सुरुवात केली होती. ती सांपडेपर्यंत काम आटपलें होतें. घरांत नवी करवत आली म्हणून मिस्त्रींस उद्यांपासून येऊं नका असें सांगणाऱ्या मंडळींनीं निदान पहिलें कपाट त्यांच्या देखत करावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. त्याची मजुरीहि द्यावी. भास्कराचार्यांनीं म्हटल्याप्रमाणें ठरवून द्यावी.

कांहीं बारीकसारीक गोष्टी उरल्या. रुळाखालच्या रबरी पट्ट्या फळीस चिकटून राहतात म्हणून शिकंजे लावण्याची गरज नाहीं असें सांगतात. फळी भुशानें माखलेली असेल तर तें खरें नाहीं, आणि अरुंद फळीवर तर शिकंजा लावावाच. विजेची वायर रुळाच्या टोंकास अडकते व नेमकी कापाच्या मध्यावर करवतीस हिसका देते. ती खांद्यावरून घ्यावी. पातें फिरूं लागल्यावरच खालीं दाबावें, आणि पुरतें थांबल्यावांचून करवत उचलूं नये. दोन्ही हात करवतीवरच असावेत. एक हात फळीखालीं ठेवणारा तरुण आम्हीं पाहिला, तेव्हां आमच्या छातींत धस्स झालें. लांकडाच्या भुशाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केलेला आहे. म्हणून भुसा ओढणारें यंत्र करवतीस जोडावें, नाकातोंडावर मास्क बांधावा, आणि बाळंतिणीच्या अगर लहान मुलांच्या खोलीशेजारीं हें काम मांडूं नये. दुपारीं दोन ते चार करवत चालवूं नये हें मात्र कोणत्याहि संस्थेनें सांगावयास नको. खालच्या मजल्यावरचे आजोबा सांगतीलच.

पावसाळ्याविषयीं एक वेगळा शब्द. खाडीकांठच्या आपल्या हवेंत आषाढ-श्रावणांत पोलाद एका रात्रींत तांबूस होतें. पातें काढून, त्यावरची डिंकासारखी चिकट घाण पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कागदांत गुंडाळून ठेवावें. लावण्यापूर्वीं तें तेल पुन्हां पुसावें. रूळ गॅलरीच्या भिंतीस तिरका टेकवून ठेवण्याची चाल फार वाईट. स्वतःच्या भारानें त्यास पोक येऊं शकतो, शिवाय येतांजातां धक्का लागतो तो वेगळाच. तो पलंगाखालीं सपाट ठेवावा किंवा एका टोंकास टांगून सरळ लोंबता ठेवावा. चौमासा संपल्यावर पहिला काप घेण्यापूर्वीं डुगडुग, उभेपणा व पट्टी या तिन्ही गोष्टी पुन्हां पहाव्यात. सारा मिळून अर्ध्या तासाचा उद्योग आहे.

ज्यांस एवढें महाग हत्यार घेणें नको, त्यांनीं सहा मिलिमीटर प्लायवूडच्या हातभर रुंद फळीवर दुसरी अरुंद, सरळ पट्टी डिंकानें व खिळ्यांनीं पक्की बसवावी आणि साधी गोल करवत त्या पट्टीस टेकून एकदां लांबीभर चालवावी. खालच्या फळीचा जादा भाग कापला जाऊन राहिलेली कड हीच कापाची रेघ होते. वर सांगितलेला पट्टीचा न्याय येथेंहि तंतोतंत लागू पडतो. या पट्टीसाठीं सरळ कड कोठून आणावी, असें एका वाचकांनीं पत्रांतून विचारलें आहे. प्लायवूडच्या दुकानांत मोठ्या टेबलावरच्या करवतीनें एक पट्टी कापून मागावी, आणि घरीं आणल्यावर तिच्या कडेनें दोरी ताणून पहावी. शिकंज्यांच्या प्रकारांविषयीं आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.